उलट्या गाडीतले व्याही

रत्नागिरीहून चिपळूणला रेल्वेने निघालेला माणूस जेवायच्या वेळेला पुन्हा रत्नागिरीच्याच फलाटावर उतरू शकतो. मी उतरलेलो आहे. एकटा नव्हे, होणाऱ्या व्याह्यांना बरोबर घेऊन!

झालं असं, की आमच्या केतकीने स्वतःचं लग्न स्वतः जमवलं. मुलगा प्रसाद, मूळ फलटणचा, नोकरीला पनवेलला, तिच्याच ऑफिसात. आम्हा दोघांना तो बघताक्षणी पसंत पडला. (माझी बायको माधवी म्हणते, "तुम्हाला कोण विचारत होतं?" तो मुद्दा वेगळा.) अडचण एकच होती. त्याच्या घरून होकार यायचा होता आणि तो यायची लक्षणं नव्हती.

प्रसादचे वडील नानासाहेब एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. कुठली बस कुठल्या फलाटाला लागली आहे हे ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात त्यांची उभी हयात गेली. त्यामुळे निवृत्तीनंतरही ते साधं "जेवायला वाढा" म्हणाले तरी शेजारची दोनचार माणसं पिशव्या उचलून उभी राहत. कोकणाबद्दल त्यांचं मत ठाम होतं: तिकडे दगड असतात, साप असतात आणि ‘चहा घेणार नसालच ना?’ असं विचारणारी माणसं असतात. (यातलं तिसरं थोडंसं खरं आहे.) पण शेवटचा शब्द त्यांचाही नव्हता. तो त्यांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आत्याबाईंचा. आत्याबाई ‘व्हय’ म्हणाल्या तर लग्न, ‘न्हाई’ म्हणाल्या तर केतकीला जन्मभर आमच्याकडे रडत बसावं लागणार. प्रसादच्या आईचा गुडघा नुकताच ऑपरेशन करून आणलेला होता, म्हणून त्या फलटणलाच थांबल्या आणि मोबाइलवरून सगळीकडे हजर राहिल्या.

गणपती नुकतेच गेले होते. शेतं हिरवीगार होती. चिपळूणला माझी बहीण शालू राहते. तिचं घर मोठं, उकडीचे मोदक त्याहून मोठे. तेव्हा पाहुण्यांना रत्नागिरीत एक दिवस ठेवून दुसऱ्या दिवशी शालूकडे जेवायला न्यायचं आणि मोदक पोटात गेल्यावर बोलणी काढायची, असा बेत ठरला.

माधवी म्हणाली, "सरळ गाडी करू. हातखंब्यावरून हायवेला लागलो की झालं."

"हायवेवर काय दाखवणार त्यांना? ट्रकची पाठ?" मी म्हणालो. "आपल्याकडे डोंगर पोखरून नेलेली रेल्वे आहे. पूल आहेत, बोगदे आहेत, धबधबे आहेत! देशावरच्या माणसाने तोंडात बोट घातलं पाहिजे."

या रेल्वेशी माझं जुनं नातं आहे. तिचं काम चालू होतं तेव्हा मी ऐन तारुण्यात होतो आणि सुट्टीच्या दिवशी सायकल मारत बोगद्याचं काम बघायला जायचो. काम करायला नव्हे, बघायला. तिथे एक वडापाववालाही बसायचा. पण वय वाढतं तशी माणसाला बढती मिळत जाते. आदल्या रात्री जेवताना मी पाहुण्यांना "हे काम मी बघितलंय" म्हणालो. सकाळी चहाला "या कामावर मी होतो" म्हणालो. आणि स्टेशनात पॅसेंजर हलली तेव्हा मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, मी म्हणत होतो, "बोगदा खोदताना आम्हाला फार त्रास झाला हो!"

केतकीने माझ्याकडे फक्त बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"सगळ्यांनी डावीकडे बसा," मी फर्मान काढलं. "खरी शोभा डावीकडे आहे."

सगळे डावीकडे बसले. गाडीने वेग घेतला आणि डावीकडे जांभ्या दगडाची कापलेली भिंत सुरू झाली. खिडकीपासून हातभर अंतरावर, लालभडक, न संपणारी. उजवीकडच्या खिडक्यांतून मात्र दरी, भातशेती, माडांचे शेंडे, दूरवर ढग टेकलेला डोंगर, असं सगळं ऐश्वर्य पळत होतं.

"इकडं भिताड हाय नुसतं," आत्याबाई म्हणाल्या.

"उजवीकडे या, उजवीकडे!" मी सगळ्यांना उठवलं. पिशव्या उचलल्या, छत्र्या उचलल्या, नानासाहेबांची टोपी आसनाखाली गेली होती ती काढली आणि आम्ही उजवीकडे बसलो. लगेच भिंत उजवीकडे आली! दरी डावीकडे गेली. आम्ही पुन्हा उठलो. असं पुष्कळ वेळा झालं. समोरच्या बाकावरच्या एका बाईने आपल्या नवऱ्याला हळूच विचारलं, "ह्यांच्यात कायतरी विधी असेल काय हो?"

शेवटी मी निर्धाराने डावीकडे बसलो आणि ओरडलो, "आता बघा! आता इथून जी दरी दिसते ना..."

गाडी बोगद्यात शिरली.

बोगदा संपला. मी म्हणालो, "हां, आता बघा!" दुसरा बोगदा. बाहेर आलो, मी नुसतं बोट उचललं, तर तिसरा! गाडीचा चालक माझ्या बोटावर नजर ठेवून गाडी चालवत असावा, असा मला दाट संशय आला.

"पाव्हणं," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "अंधार आमच्याकडं बी पडतो. त्येला तिकीट काडावं लागत न्हाई."

"आत्याबाई, हा नुसता अंधार नाही! डोंगराच्या पोटातला अंधार आहे."

"आन् समिंदर कुठाय? प्रसाद म्हनला, कोकनात समिंदर असतोय."

"आहे ना. पलीकडे आहे."

"पलीकडं म्हंजी कशाच्या?"

"डोंगराच्या."

आत्याबाईंनी नानासाहेबांकडे पाहिलं. नानासाहेबांनी घसा साफ केला. केतकीचं लग्न भिंतीला टेकलं होतं, तेही जांभ्याच्या!

मग मोठा बोगदा आला. तो बराच वेळ चालतो, आणि त्या वेळात मी तो ‘आम्ही’ कसा खोदला ते सगळं सांगितलं. आवाजामुळे कुणालाच काही ऐकू गेलं नाही. माझं नशीब म्हणायचं ते एवढंच. बोगदा संपल्यावर गाडी एका छोट्याशा स्टेशनात थांबली. स्टेशनचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून मला ओळखतात.

"क्रॉसिंग," मी जाहीर केलं. "एकच रूळ असतो ना! समोरची गाडी आल्याशिवाय आपली हलायची नाही. अर्धा तास हमखास. चला, पाय मोकळे करू."

"अहो, कशाला उतरायचं?" माधवी म्हणाली.

"मी या लाइनीवर काम केलेलं आहे!"

केतकी आणि प्रसाद सामानापाशी बसतो म्हणाले. (सामानाला कुणी पळवून नेईल अशी त्यांना अचानक काळजी वाटू लागली होती.) आम्ही चौघं उतरलो. मी, माधवी, नानासाहेब आणि आत्याबाई. मध्ये फलाट, दोन्ही अंगांना रूळ. फलाटाच्या टोकाला एक बाई चिबूड, म्हणजे आमच्याकडचं खरबूज, घेऊन बसली होती.

"घेवा वो काकानू, चिबूड घेवा! घरचा हाय. साखर नको काय नको, तसाच खावा!"

आत्याबाईंनी चिबूड कधी पाहिला नव्हता. त्यांनी तो दाबून पाहिला, वास घेतला, त्याच्या आईवडिलांची चौकशी केली. नानासाहेबांनी चांगला पिकलेला, पिवळाधमक, पोटाला भेगा गेलेला एक चिबूड निवडून काखेत मारला. एवढ्यात दुसरी गाडी आली आणि फलाटाच्या दुसऱ्या अंगाला येऊन उभी राहिली. आम्ही चिबडात गर्क. पाठीमागे काय चाललंय तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

आणि भोंगा झाला!

"सुटली! गाडी सुटली!" मी किंचाळलो. "पळा!"

मी पुढे, नानासाहेब माझ्या मागे, त्यांच्या मागे दोन्ही बायका. मी समोर दिसलेल्या डब्याची दांडी धरली.

"अवं पाव्हणं!" आत्याबाई मागून ओरडल्या. "आपली गाडी त्या अंगाला हुती!"

"अहो, मलाही तसंच वाटतंय," माधवी म्हणाली.

"आत्याबाई," मी एक पाय पायरीवर ठेवून म्हणालो, "तुम्ही कोकणात नवीन आहात."

"ताई, चल," नानासाहेबांनीही स्टँडवरच्या आवाजात सांगितलं. "मी जल्मभर गाड्या लावल्यात. हीच आपली गाडी. पाव्हणं बरोबर बोलत्यात."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मला दुजोरा दिला! मला भरून आलं. मी त्यांना हात देऊन वर ओढलं, ते जोरात वर आले, दाराच्या कडेला आपटले आणि काखेतला चिबूड फटकन फुटला. पांढऱ्या शर्टावर काखेपासून कमरेपर्यंत चिबडाच्या बियांची नक्षी उमटली. गाडी निघाली.

"पोरं कुठायत?" माधवीने विचारलं.

"मागच्या डब्यात असतील. घाईत डबा चुकला आपला."

डबा चुकला! मला तेव्हा हेसुद्धा आपलं निरीक्षण फार बारीक आहे असं वाटलं होतं.

बसायला खिडकीची जागा मिळाली. मी लगेच कामाला लागलो. समोर पुन्हा मोठा बोगदा आला.

"हा बघा! हा मघाच्यापेक्षाही मोठा."

"मघाचाच वाटतोय," आत्याबाई म्हणाल्या.

"आतून सगळे सारखेच दिसतात."

बोगदा संपला. नानासाहेब रुमालाने बिया टिपत बाहेर बघत होते. ते एकाएकी थांबले. "निळी ताडपत्री टाकल्यालं घर. म्होरं म्हस. ही म्हस मी मघाशी बघितलीय."

"नानासाहेब, कोकणात पावसाळ्यात प्रत्येक घरावर निळी ताडपत्री असते."

"आन् म्हस?"

"म्हशीसुद्धा इथून तिथून सारख्याच."

देशावरच्या माणसाला म्हैस ओळखायला शिकवणारा मी जगातला पहिलाच माणूस असेन. पण नानासाहेबांनी मान डोलावली. मघाशी एकदा माझी बाजू घेतलेली होती, आता ती सोडली तर आत्याबाईंपुढे त्यांचीच पंचाईत होती! मग गाडीचा वेग कमी झाला आणि खिडकीसमोरून भली मोठी पिवळी पाटी हळूहळू सरकत गेली. भोके.

"भोके," आत्याबाईंनी वाचलं. "हे गाव मघाशी येऊन गेलं."

माधवीने डोळे मिटून घेतले. पण तोंड बंद ठेवणं मला जन्मात जमलेलं नाही.

"ते भोके खुर्द," मी म्हणालो. "हे भोके बुद्रुक."

"असतंय, असतंय!" नानासाहेब घाईघाईने म्हणाले. "आमच्याकडं बी असतंय तसं!"

बुडणाऱ्याला बुडणाऱ्याचा आधार! आम्ही दोघे एकमेकांकडे अशा प्रेमाने बघत होतो की समोरच्याला वाटावं, यांचंच जमलंय.

तेवढ्यात माझा फोन वाजला. केतकी.

"बाबा, कुठे आहात तुम्ही? आम्ही सगळे डबे शोधले!"

"अगं, आम्ही पुढच्या डब्यात आहोत. काळजी करू नकोस. गाडी चालू असताना फिरू नका."

"पुढच्या कुठल्या? आता संगमेश्वर आलं. तुम्ही खाली उतरून हात दाखवा."

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर संगमेश्वर नव्हतं. बाहेर भोके बुद्रुकही नव्हतं. त्या नावाचं गाव, माझ्या माहितीप्रमाणे, पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नाही.

"बाबा? बाबा, तुमच्याकडे कुठलं स्टेशन आहे?"

"केतकी," मी म्हणालो, "शालूआत्याला सांग, आमची वाट बघू नका. जेवून घ्या."

फोन ठेवला. तिघंही माझ्याकडे बघत होती. सांगायची गरज पडली नाही. आत्याबाईंनी नुसती पदराची घडी सारखी केली आणि विचारलं, "म्हंजी आपुन माघारी चाललोय?"

"तसं म्हणायला हरकत नाही."

"तसं नाही म्हणायचं तर कसं म्हणायचं?" माधवी.

त्याच वेळी तिकीट तपासनीस डब्यात आला. असे लोक नेमक्या वेळी कसे येतात हे मला न सुटलेलं कोडं आहे. आमची तिकिटं केतकीच्या मोबाइलमध्ये होती, आणि ती त्या क्षणी ताशी पन्नासच्या वेगाने माझ्यापासून लांब चालली होती.

"तिकिटं आहेत," मी म्हणालो. "पण ती चिपळूणला चालली आहेत."

तपासनीसाने विचारलं, "आणि तुम्ही?"

"आम्हीसुद्धा चिपळूणलाच."

"काका, ही गाडी रत्नागिरीला चालली आहे."

"हो, ते आम्हाला आत्ताच कळलं."

नानासाहेब उभे राहिले. चिबडाचा घमघमाट सुटला. "साहेब, मी सोता वाहतूक नियंत्रक हुतो. आम्ही बिगरतिकिटाची माणसं न्हाई!"

तपासनीसाने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. शर्टावरच्या बिया बघितल्या. "वाहतूक नियंत्रक," तो एवढंच म्हणाला, आणि त्याने पावतीपुस्तक काढलं. दंड मी भरला. नानासाहेब खाली बसले आणि पुन्हा बिया टिपायला लागले.

रत्नागिरी आलं. आम्ही खाली उतरतोय तोच प्रसादच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. नानासाहेबांनी माझ्या कानाशी येऊन कुजबुज केली. (त्यांची कुजबुज तिकिटघरापर्यंत जाते.) "पाव्हणं, ही गोष्ट फलटणला जाता कामा न्हाई." मग फोन तोंडासमोर धरून म्हणाले, "हां, पोचलो. चिपळूण आलं. झ्याक गाव हाय."

पलीकडून बाईंचा आवाज आला, "मग तुमच्या डोस्क्यामागं रत्नागिरी का लिवलंय?"

आम्ही दोघांनी एकदमच मागे वळून पाहिलं. पाटी स्वच्छ होती. नुकतीच रंगवलेली असावी. नानासाहेबांनी फोन फिरवला तर त्यात फलाटाच्या दुसऱ्या टोकाची पाटी आली. तीही स्वच्छ! शेवटी आत्याबाईंनी त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला आणि पहिल्या भिंतीपासून भोके बुद्रुकपर्यंत सगळं सांगितलं. एकही गोष्ट सुटली नाही. म्हैससुद्धा!

रिक्षा करून घरी आलो. दारात उभा राहिलो. खिशात हात घातला. मग माधवीकडे बघितलं. माधवी म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय? किल्ली केतकीच्या पर्समध्ये आहे."

मी आता काय काय सहन करू शकतो याची मला कल्पना येऊ लागली होती. पाहुण्यांना पायरीवर बसवलं. आमच्या शेजारच्या सुर्वेवहिनींनी कुंपणावरून मान काढली. "अगो बाई, तुम्ही चिपळूणला गेला होतात ना?"

"जाऊन आलो," मी म्हणालो.

"एवढ्यात?"

वहिनींना सगळं कळायला माधवीची दोन वाक्यं पुरली. त्यांनी आम्हाला घरात घेतलं, नानासाहेबांना त्यांच्या मिस्टरांचा शर्ट दिला (एकच बटण लागलं, वरून टॉवेल घेतला), आणि त्यांच्या घरात जे शिजलेलं होतं ते पुढे ठेवलं. गरम भात, कुळथाची पिठी, पोह्याचे पापड आणि सोलकढी. होणाऱ्या व्याह्यांचा पहिला मान, तोही शेजाऱ्याच्या घरात, कुळथाच्या पिठीवर! मला मान वर करवेना. चिपळूणला त्याच वेळी शालूच्या मोदकांना दोनच गिऱ्हाइकं मिळाली होती आणि ती दोघं, मागाहून कळलं त्याप्रमाणे, आमच्या वाटचेही संपवत होती.

आत्याबाईंनी पिठीचा पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला. भात मागून घेतला. मग बोटं चाटत नानासाहेबांकडे वळल्या.

"नाना."

"काय ताई?"

"लगीन लावून टाकू."

माधवीच्या हातातली वाटी तशीच राहिली. नानासाहेबांचा टॉवेल खांद्यावरून घसरला.

"ताई, पण तू तर सकाळी..."

"सकाळी मला ह्या मान्साचं भ्या वाटत हुतं," आत्याबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "लई हुशार दिसतोय, बोगदं बिगदं खनलेला. म्हनलं आपल्या नानाला दाबून ठेवंल. आता बघितलं. दोघं बी एका वक्ताला, एका गाडीत, एकसारखं चुकत्यात. आसं सोयरं मिळत न्हाईत! भांडनं हुनार कुठनं? भांडाय एकाला तरी बरोबर असावं लागतंय!"

माझ्या मुलीचं लग्न माझ्या मूर्खपणावर जमलं. बापाने मुलीसाठी काय काय करावं लागतं! सुर्वेवहिनींनी साखर आणली. चिपळूणला फोन लागला, फलटणला फोन लागला, तिकडून शालू रडत होती, केतकी रडत होती, प्रसादची आई हसून हसून गुडघा धरत होती. नानासाहेबांनी मला मिठी मारली. सुर्व्यांच्या शर्टाचं लागलेलं तेवढं एक बटणही तेव्हा तुटलं.

लग्न थाटात झालं. लग्नात मला वाहनाशी संबंध असलेलं कुठलंही काम द्यायचं नाही, असं दोन्हीकडच्या मंडळींनी एकमताने ठरवलं होतं. मी दिवसभर गुलाबपाणी शिंपडलं. आत्याबाईंनी भोके बुद्रुकची गोष्ट प्रत्येक पंगतीत सांगितली आणि दर पंगतीला म्हैस थोडी मोठी होत गेली.

चार दिवसांनी नवरानवरी पनवेलला निघाली. घर मांडून द्यायला आत्याबाईही बरोबर निघाल्या. आम्ही सगळे स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडी आली. आत्याबाईंनी चढण्याआधी मला बजावलं, "पाव्हणं, तुम्ही हितंच ऱ्हावा. डब्याला हात लावायचा न्हाई."

मी हात लावला नाही. पण माधवीने दिलेली नारळांची गोणी जड होती, प्रसाद एकटा ओढत होता. बापाचं काळीज! मी खालून रेटा दिला, गोणी आत गेली, तिच्यामागे मी गेलो, गोणी नीट आसनाखाली सरकवली, नारळ गडगडू नयेत म्हणून तिचं तोंड पुन्हा बांधलं, केतकीला चार उपदेशाच्या गोष्टी सांगितल्या, डोळे पुसले आणि वळलो, तर खिडकीबाहेरचा फलाट मागे चालला होता. फलाटावर माधवी कपाळाला हात लावून उभी होती.

केतकीने तोंडावर हात धरला. प्रसाद नारळ मोजायला लागला. आत्याबाईंनी सरकून मला खिडकीशी जागा करून दिली.

मी घाईघाईने खिशातून चष्मा काढला आणि केतकीच्या मोबाइलवरचं तिकीट नीट वाचलं. या वेळी मात्र काही चुकलं नव्हतं. गाडी बरोबर होती, दिशा बरोबर होती, डबाही बरोबर होता. त्यात चुकीचा असा फक्त मी होतो.